कमानीचा माथा उतरतोय

पूल खुला होऊन काही महिने झाले आणि कठड्याची रेघ कमानींच्या मध्यावर झुकलेली दिसू लागली. 1911च्या सुमाराची गोष्ट. मध्य फ्रान्समधल्या आलिए नदीवर, ल व्हर्द्र गावापाशी, युजेन फ्रेसिने या तरुण इंजिनिअरने काँक्रीटच्या तीन चपट्या कमानी टाकल्या होत्या. सर्वांत मोठा गाळा सुमारे 72 मीटरचा. भाराच्या चाचणीत पूल खरा उतरला होता. मग आता तो खाली का येत होता?

तेव्हाचं शास्त्र सांगे की भार टाकला की काँक्रीट किंचित दबतं आणि तिथेच थांबतं. प्रत्यक्षात ते थांबत नव्हतं. पुस्तकांच्या ओझ्याने लाकडी फळी वर्षानुवर्षं वाकत जाते, तसं सततच्या दाबाखाली काँक्रीट हळूहळू आखूड होत राहतं. याला 'क्रीप' म्हणतात. कमान जितकी चपटी तितका धोका मोठा, कारण तिची लांबी जराशी घटली तरी माथा कितीतरी जास्त उतरतो.

कमानीखालचा तात्पुरता आधार, म्हणजे सेंटरिंग, सोडवताना फ्रेसिनेने माथ्याशी जॅक लावून कमानीचे दोन अर्धे एकमेकांपासून रेटले होते. ती जागा अजून होती. रात्रीच सायकल काढून तो गावात पोचला, चार भरवशाच्या माणसांना उठवलं, जॅक पुन्हा बसवले आणि उजाडताच तिन्ही कमानी एकदम उचलायला घेतल्या. नेमका बाजाराचा दिवस. दर थोड्या वेळाने काम थांबवून गाड्यांना वाट द्यावी लागे. पुढे माथ्यातली फट काँक्रीटने भरून टाकली. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त होईपर्यंत पूल उभा होता.

पूल वाचला, पण त्या रात्रीची खरी कमाई मला पुढच्या कामात दिसते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात. निवताना ती आवळते आणि लाकूड घट्ट धरते. काँक्रीट दाब सोसतं, ओढ सोसत नाही. म्हणून त्या धावेसारखं, ताणलेल्या पोलादाने त्याला आधीच आवळून ठेवायचं. कल्पना जुनी होती, पण साध्या सळयांनी ती फसे. ताणून त्या जेमतेम जेवढ्या लांबत, जवळपास तेवढंच काँक्रीट मागाहून आखूड होई आणि आवळ सुटे. ल व्हर्द्र पाहिलेल्या फ्रेसिनेने कितीतरी जास्त ताण सोसणाऱ्या तारा घेतल्या. काँक्रीटने थोडा ताण गिळला तरी पुष्कळ उरे. 1928 मध्ये त्याने याचं पेटंट घेतलं. 1946 मध्ये मार्न नदीवर ल्युझान्सीला त्याचा 55 मीटरचा पूल पुरा झाला. आधी ओतलेले तुकडे जोडून तारांनी आवळलेली ती कमान ल व्हर्द्रपेक्षाही चपटी आहे, लांबून पट्टीसारखी सरळ दिसणारी.