साठ दिवस, साठ मॅरेथॉन: आशिष कासोदेकरांना हे जमलं कसं?

नृसिंहवाडीतून, म्हणजे आपल्या नरसोबाच्या वाडीतून, मी पुन्हा हजर. ज्यांना कानात इअरफोन घालायला सवड मिळाली नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. विषय आहे पुण्याचे अल्ट्रा धावपटू आशिष कासोदेकर.

आधी अंतराचा अंदाज घेऊ. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. वाडीहून कोल्हापूर साधारण ४५ किलोमीटर. म्हणजे वाडीतून पळत निघायचं आणि पार कोल्हापूरच्या तोंडाशी जाऊन थांबायचं. याहून लांब पल्ल्याची शर्यत म्हणजे अल्ट्रामॅरेथॉन.

कासोदेकरांनी २८ नोव्हेंबर २०२१ ला एक मॅरेथॉन पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. तिसऱ्या दिवशी पुन्हा. असं करत २६ जानेवारी २०२२ पर्यंत सलग ६० दिवस! एकूण अंतर अडीच हजार किलोमीटरच्या वर. वय पन्नाशीचं. आधीचा गिनीज विक्रम इटलीच्या एन्झो कापोरासो यांचा, ५९ दिवसांचा. तो मोडला.

आता तुम्ही म्हणाल, माणूस भयंकर वेगात पळत असणार. तर नाही! इथंच खरी गंमत आहे.

या विक्रमाआधी, २०१९ मध्ये, त्यांनी लडाखची 'ला अल्ट्रा' ही ५५५ किलोमीटरची शर्यत पूर्ण केली होती. वाटेत १७ हजार फुटांहून उंच खिंडी, आणि वेळेची मर्यादा १३२ तास. भागाकार करून बघा. ताशी सव्वाचार किलोमीटरसुद्धा पडत नाहीत. पौर्णिमेला वाडीला चालत येणारी माणसं याहून फार हळू नसतात. पण या १३२ तासांतच जेवायचं, झोपायचं, मोजे बदलायचे. घड्याळ थांबत नाही. म्हणून इथं जिंकतो तो कमी वेळ बसून राहणारा.

सगळेच अल्ट्रा विक्रम असे संथ नसतात, हेही सांगतो. लिथुआनियाचा अलेक्सांद्र सोरोकिन २०२२ मध्ये २४ तासांत ३१९ किलोमीटर पळाला. पण कासोदेकरांची कसोटी वेगळी होती. आज असं पळायचं की उद्या उठता आलं पाहिजे.

शरीराचा हिशोब सोपा आहे. ६० किलोच्या माणसाला एक किलोमीटर पळायला साधारण ६० कॅलरी लागतात. म्हणजे मॅरेथॉनला अडीच हजार. स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर जेमतेम दोन हजार कॅलरींची. उरलेलं चरबीतून आणि पळता पळता खाण्यातून येतं. रात्री पुरेसं खाल्लं नाही, झोप झाली नाही, तर दुसऱ्या दिवशीची सुरुवातच अर्ध्या टाकीवर. पाण्याचंही तसंच. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, चक्कर येते, प्रसंगी जीवावर बेततं.

आणि जीवावर बेततं हे मी उगाच म्हणत नाही. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारपीट, पाऊस आणि गार वारा सुटला. २१ धावपटू गेले. त्यात कसलेले लोकही होते.

हे सांगायचं कारण? रील बघून 'उद्यापासून रोज दहा किलोमीटर' म्हणणारे बरेच मेसेज मला येतात. भावांनो आणि बहिणींनो, कासोदेकरांकडून घ्यायचंच असेल तर ६० हा आकडा घेऊ नका. त्यांचा क्रम घ्या. लडाख आधी, विक्रम नंतर. अंतर हळूहळू वाढवा, आठवड्यात एक दिवस पाय मोकळे ठेवा, छातीत दुखलं किंवा गरगरलं तर तिथंच थांबा.

पहिला आठवडा कुणीही पळतं. तुम्ही दुसऱ्या महिन्यात पळताय का, ते मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!