भंगारातल्या जीपची ओळख

दुसऱ्या महायुद्धात (१९३९ ते १९४५) लाखो लष्करी मोटारी तयार झाल्या. युद्ध संपल्यावर त्यांपैकी पुष्कळशा विकल्या गेल्या, मोडल्या गेल्या. त्यांचे सुटे भाग आजही जुन्या बाजारात आणि भंगारात सापडतात. अशा भागाबरोबर कागदपत्रे नसतात. मग तो कोणत्या गाडीचा हे कसे ओळखायचे? सर्वांच्या परिचयाच्या जीपचे उदाहरण घेऊन पाहू.

एक जीप, दोन कारखाने

अमेरिकन सैन्याला एवढ्या जीप हव्या होत्या की एका कारखान्याला ते काम झेपणारे नव्हते. म्हणून १९४२ साली विलिस कंपनीच्या आराखड्यावरून फोर्ड कंपनीनेही जीप बनवायला सुरुवात केली. विलिसच्या गाडीचे नाव ‘एमबी’, फोर्डच्या गाडीचे ‘जीपीडब्ल्यू’. दोघांनी मिळून सुमारे साडेसहा लाख जीप बनवल्या. अट एकच होती : एका गाडीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे. रणांगणावर दुरुस्ती करणाऱ्याला कारखाना पाहत बसायला वेळ कुठला?

भाग सारखे असले तरी खुणा वेगळ्या होत्या. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर उठवले. चासीची रेडिएटरखालची आडवी दांडी पाहा. ती गोल नळीची असेल तर चासी विलिसची. उलट्या ‘यू’ आकाराच्या पत्र्याची असेल तर फोर्डची.

समोरची जाळीही साक्ष देते. युद्धकालीन जीपच्या पत्र्याच्या जाळीत नऊ उभ्या फटी असतात. १९४५ साली आलेल्या मुलकी ‘सीजे-२ए’ जीपचे दिवे मोठे होते, त्यामुळे फटी सातच उरल्या. महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत जीप जुळवायला घेतली, ती याच मुलकी घराण्यातली. म्हणजे जाळी सात फटींची असेल, तर ती मूळ युद्धकालीन जीपची नव्हे.

आटे काय सांगतात?

पण खूण गंजून गेली असेल तर? तेव्हा बोल्टचे आटे पाहावेत. त्या काळी ब्रिटिश आणि अमेरिकन आटे वेगळे होते. इंग्लंडमध्ये व्हिटवर्थ यांनी १८४१ साली सुचवलेल्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, माथा गोलसर. अमेरिकेत सेलर्स यांनी १८६४ साली सुचवलेल्या आट्याचा कोन ६० अंशांचा, माथा सपाट.

अर्धा इंच जाडीचा बोल्ट घ्या. व्हिटवर्थ पद्धतीत एका इंचात १२ आटे, अमेरिकन जाड आट्यांत १३. लगतच्या दोन आट्यांमधील अंतर, म्हणजे पिच, पहिल्यात २.११७ मिलिमीटर, दुसऱ्यात १.९५४ मिलिमीटर. फरक केवळ ०.१६३ मिलिमीटरचा, पण सहा आट्यांत तो साठून जवळजवळ १ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या पिचइतका होतो. त्यामुळे नट दोनतीन फेरे फिरतो आणि अडकतो. पान्याने जोर लावला तर आटेच कापले जातात.

खरा धोका मात्र न अडकणाऱ्या नटाचा आहे. तीन अष्टमांश इंचाच्या बोल्टला दोन्ही पद्धतींत १६ च आटे असतात. पुष्कळदा एकाचा नट दुसऱ्यावर चढतोही. परंतु कोन वेगळे असल्याने आट्यांच्या बाजू एकमेकींना पूर्ण टेकत नाहीत. सगळा भार अरुंद जागेवर येतो. क्षेत्रफळ कमी झाले की दाब वाढतो, हे तुम्ही शिकला आहातच. असा बोल्ट स्टिअरिंगला किंवा ब्रेकला लावला, तर तो केव्हा दगा देईल सांगता येत नाही.

हा घोळ युद्धात दोस्त राष्ट्रांना फार जाचला. अखेर नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा या देशांनी एक समान आटा मान्य केला. त्याचा कोन ६० अंश.

एका साक्षीवर निकाल नको

इंजिनावर ‘जीपीडब्ल्यू’ क्रमांक आणि चासी मात्र विलिसची, असे आढळले तर? त्यात लबाडी असेलच असे नाही. लष्करी कार्यशाळांत हाती येईल तो भाग बसवून गाड्या पुन्हा उभ्या केल्या जात. म्हणून खूण, आकार आणि माप या तिन्ही साक्षी जुळल्या, तरच त्या भागाबद्दल निर्णय द्यावा. आणि एका भागावरून अख्ख्या गाडीचा निर्णय देऊ नये.

एक इशारा. युद्धकालीन वाहनांच्या आणि विमानांच्या काही तबकड्यांवर अंधारात दिसण्यासाठी रेडियमचा रंग असे. आता ती तबकडी चमकत नाही, कारण रंगातील झिंक सल्फाइड निकामी झाले आहे. रेडियम मात्र तिथेच आहे. त्याचा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षे. ऐंशी वर्षांत त्यातले जेमतेम साडेतीन टक्के घटले. अशी तबकडी उघडू वा खरवडू नये. गोळ्यासारखी किंवा काडतुसासारखी वस्तू दिसली तर हात न लावता मोठ्यांना आणि पोलिसांना कळवावे.

करून पाहा

एखादा स्वच्छ बोल्ट कागदाखाली धरून वरून पेन्सिल घासा. आट्यांच्या रेघा उमटतील. शेजारच्या दोनच रेघांमधले अंतर मोजू नका. पहिल्या रेघेपासून अकराव्या रेघेपर्यंतचे अंतर मोजा आणि दहाने भागा. मोजमापातली चूकही दहाने भागली जाते. आता २५.४ ला त्या पिचने भागा. उत्तर पूर्णांकाच्या जवळ आले, तर बोल्ट बहुधा इंची आहे. पिच १ किंवा १.२५ मिलिमीटर अशी सुटसुटीत आली, तर तो बहुधा मेट्रिक. वर्गात वीस बोल्ट जमवा, तक्ता करा आणि कोणता बोल्ट कोणत्या घराण्यातला ते ठरवा.