तळ्याला अनुदान, पण सातबारा कुणाचा?

पावसाचं पाणी शेतातच अडवा, माती वाहू देऊ नका, थेंबाचा हिशेब ठेवा... सरकारी योजनांची ही भाषा आपल्याला काही नवीन नाही. हंडा-कळशी पुरवून वापरायला आपणच तर लहानपणापासून शिकतो! पण हेच काम शेतात करण्यासाठी सरकार पैसे देतं, तेव्हा अर्जावर नाव कुणाचं येतं? ज्याचा सातबारा, त्याचं. देशाच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत वहिती खातेदारांमध्ये बायकांचं प्रमाण शेकडा १४ च्या आसपास होतं. खुरपणीला, वेचणीला शंभरात किती बायका असतात, ते मात्र बांधावर उभं राहून मोजावं.

योजना चांगल्या आहेत, हे आधी सांगते. राज्यात २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' आली. पुढे तेच काम मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत गेलं आणि अनुदान आकारमानानुसार ७५ हजार रुपयांपर्यंत झालं. तीस मीटर लांब, तीस रुंद आणि तीन मीटर खोल तळ्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. एका एकराला दोन इंच पाणी म्हणजे सुमारे २ लाख लिटर. वाफ आणि पाझर सोडला, तरी अडल्या वेळी दोन-तीन एकर सहज भिजतात. ठिबकला अल्पभूधारकांना ८० टक्के, इतरांना ७५ टक्के अनुदान मिळतं. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने रुंद वरंबा-सरीची पेरणी गावोगाव नेली. वरंब्यावर पीक, सरीत पाणी. पाऊस कमी झाला तर सरी ओल धरते, जास्त झाला तर पाणी निघून जातं.

आता आमच्या घरचीच गोष्ट सांगते. माझी थोरली जाऊ, आम्ही तिला आक्का म्हणतो. भाऊजी पुण्याला कंपनीत, शेत सगळं तीच बघते. २०२३ चा ऑगस्ट आठवतो ना? १९०१ पासूनच्या नोंदींमधला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट! सोयाबीन फुलात असतानाच पाऊस गेला. आक्का म्हणाली, "एक पाणी हाती असतं ना, तर अर्धं पीक वाचलं असतं." शेततळ्याचा अर्ज भरायला ती सेवा केंद्रात गेली. तिथल्या मुलाने विचारलं, "मावशी, सातबारा कुणाच्या नावावर?" भाऊजींच्या. ओटीपी जायचा पुण्याला, आणि भाऊजी पाळीवर. तीन चकरा झाल्या.

दिवाळीला भाऊजी आले तेव्हा तिने विषय काढला. ते हसून म्हणाले, "माझ्या नावावर काय अन् तुझ्या नावावर काय, एकच की!"

"एकच असेल तर माझ्या करा," आक्का म्हणाली.

घरात चार दिवस कुणी धड बोललं नाही. मग सासूबाईच म्हणाल्या, "मी जन्मभर राबले, मला कुठल्या कागदावर कुणी अंगठासुद्धा मागितला नाही. करून टाक रे."

चार एकरांचं बक्षीसपत्र झालं. नवऱ्याने बायकोला शेतजमीन दिली तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. त्याखेरीज स्थानिक कर किती, ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावं. मग फेरफार, मग अर्ज, मग पूर्वसंमती. पण खरी अडचण पुढेच होती. अनुदान मिळतं काम झाल्यावर. जेसीबीवाला तोवर थांबतो होय? आक्काने बचत गटातून कर्ज काढलं. अनुदान जमा व्हायला वेळ लागला, तेव्हा दोन शेळ्या विकून गटाचे हप्ते भरले. २०२४ च्या पावसात तळं भरलं आणि हरभऱ्याला दोन पाणी देता आली.

तळं झालं म्हणजे सगळं झालं असं नाही. काही भागांत बोअरचं पाणी उपसून प्लॅस्टिक अंथरलेली तळी भरतात. जमिनीखालचं पाणी उन्हात आणून ठेवलं की त्याची वाफ होते आणि शेजारणीची विहीर आटते. याला संवर्धन कसं म्हणायचं? आणि लेकराबाळांचं घर असेल तर तळ्याला कुंपण हवंच. आक्काने काठावर गाठी मारलेला दोरही बांधून ठेवलाय. कुणी पडलंच तर धरायला.

मैत्रिणींनो, अर्ज करायचा असेल तर सातबारा, आठ-अ, फार्मर आयडी आणि आधारला जोडलेलं स्वतःचं बँक खातं तयार ठेवा. पूर्वसंमती मिळण्याआधी खोदकाम सुरू करू नका. २०२५ पासून सोडतीऐवजी आधी अर्ज करील त्याला आधी, अशी पद्धत आली आहे, म्हणून कागद हाताशी हवेत.

चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. पुढे संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. म्हणजे ही मागणी काही आजची नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. भाषणं होतील, सत्कार होतील. आपण एवढंच करू या. घरच्या सातबाऱ्याचा ताजा उतारा काढायचा आणि रात्री जेवणं आटोपली की सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा.