पाच मिनिटं आधी, पंधरा मिनिटं नंतर

साडेनऊचा कार्यक्रम साडेनऊला सुरू होईलच असं नाही. कधी तो नऊ अठ्ठावीसलाच लागतो, कधी आधीची मॅच लांबते आणि पावणेदहा वाजतात. टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला त्याने फारसा फरक पडत नाही. पण घरात कुणी नसताना तो कार्यक्रम यंत्राने टिपून ठेवायचा असेल, तर सगळं घोडं याच मिनिटांपाशी अडतं. मुलाखतीतलं सगळ्यात मोकळं उत्तर बहुधा शेवटी येतं, मैफलीतली भैरवी शेवटी असते, नाटकाचा उलगडा पडदा पडायच्या जरा आधी होतो. शेवट तुटलेलं रेकॉर्डिंग बघणं मला तरी सोसत नाही. त्यापेक्षा ते नसलेलं परवडलं.

व्हीसीआरच्या काळापासून मी हे काम करत आलो आहे. तेव्हा मुंबई दूरदर्शनवर ‘साप्ताहिकी’ लागायची. पुढच्या आठवड्यात काय काय दाखवणार ते सांगणारा हा कार्यक्रम रेकॉर्डिंग करणाऱ्या घरात कागद-पेन्सिल घेऊन बघितला जाई. मग टायमर लावायचा. आधी यंत्राचं घड्याळ बरोबर आहे ना ते बघायचं, मग तारीख, चॅनल, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ. ई-१८० कॅसेटवर नेहमीच्या वेगाने तीन तास मावत. यंत्रात एलपीची सोय असली तर सहा, पण चित्र खरबरीत यायचं. कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची एक छोटी पट्टी असे. लग्नाची कॅसेट चुकून पुसली जाऊ नये म्हणून लोक ती मुद्दाम तोडत, आणि तशी कॅसेट पुन्हा वापरायची झाली की त्या खाचेवर सेलोटेप चिकटवत. सेलोटेप नसेल तर यंत्र रेकॉर्डिंग करायला साफ नकार देई. हे सगळं झाल्यावर शेवटी टायमरचं बटण दाबून व्हीसीआर झोपवायचा. ते बटण राहिलं तर बाकीच्या सगळ्या तयारीवर पाणी. पुढच्या पट्टीवर घड्याळाचं बारीकसं चिन्ह पेटलं, की मग घराला कुलूप लावायचं.

आणि तरीही वीज जायची. वीज परत आली की व्हीसीआरचं घड्याळ उघडझाप करत राही आणि लावलेले टायमर पुसलेले असत. काही यंत्रांत वीज थोडा वेळ गेली तरी घड्याळ जिवंत ठेवण्याची सोय असे, पण महाराष्ट्रातलं भारनियमन तेवढ्यावर कधी भागत होतं!

पुढे शहरांत केबल डिजिटल झाली. मुंबईत २०१२च्या ऑक्टोबरअखेर सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि व्हीसीआरचा टायमर एका फटक्यात निकामी ठरला. कारण आता चॅनल व्हीसीआर नव्हे, बॉक्स निवडत होता. व्हीसीआर वेळेवर जागा होई, पण बॉक्स ज्या चॅनलवर ठेवला असेल तेच टिपून ठेवी. डीटीएचच्या रेकॉर्डर बॉक्समध्ये ही अडचण नव्हती. टायमर, ट्यूनर आणि हार्डडिस्क एकाच डब्यात. मात्र असलं रेकॉर्डिंग त्या बॉक्सला आणि त्या वर्गणीला बांधलेलं असतं. माझ्याकडे होता त्या कंपनीची वर्गणी बंद केल्यावर आत साठवलेलं काहीच उघडेना. ज्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात आहे ते साठवणं माझ्या लेखी साठवणं नव्हेच.

म्हणून आता गच्चीवर डीडी फ्री डिशची छोटी तबकडी आहे. ती ९३.५ अंश पूर्वेला असलेल्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे वळवलेली, आणि तिची केबल घरात एका ट्यूनरला जोडलेली. ट्यूनर रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकाला लावला आहे, त्यावर टीव्हीहेडएंड हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. दूरदर्शनच्या वाहिन्या कुलूपबंद नसल्याने जे आकाशातून येतं ते जसंच्या तसं डिस्कवर उतरतं. साध्या दर्जाचं चित्र सेकंदाला चार मेगाबिटने येत असेल तर तासाला १.८ जीबी लागतात. जागेची चिंता आता उरलेली नाही. चिंता उरली ती वेळेचीच.

पहिला प्रश्न घड्याळाचा. माझ्याकडचा हा छोटा संगणक बंद असताना वेळ मोजत नाही; त्याच्यात घड्याळाचा सेल नाही. वीज जाऊन आली की तो जिथे थांबला होता तिथूनच पुढे मोजू लागतो आणि इंटरनेट मिळालं की खरी वेळ विचारून घेतो. पण आमच्याकडे वीज जाते तेव्हा बहुधा इंटरनेटही जातं, आणि ते वीज आल्यावरही पुढचा अर्धा तास येत नाही. त्या अर्ध्या तासात साडेसातचा टायमर असेल, तर संगणकाच्या हिशेबाने अजून सव्वासहाच वाजलेले असतात. उपाय सोपा आणि स्वस्त आहे: डीएस३२३१ या चिपचं घड्याळ, त्यात नाण्याएवढा सेल, चार तारांनी संगणकाला जोडलेलं. शिवाय राउटर आणि संगणक दोन्ही एका लहान यूपीएसवर. ज्याला भरवशाचं रेकॉर्डिंग हवं त्याने भारी ट्यूनर घेण्याआधी हे दोन खर्च करावेत असं माझं ठाम मत आहे.

बाजारात मिळणारे पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करणारे साधे बॉक्स वेळ उपग्रहाकडून घेतात, पण उपग्रहावरून येणारी वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. त्यात आपले साडेपाच तास मिळवायला बॉक्सला सांगावं लागतं. तिथे नुसते पाच राहिले तर प्रत्येक टायमर अर्धा तास उशिरा लागेल आणि बॉक्स मात्र सगळं वेळेवर केल्यासारखा वागेल. याच बॉक्सांची दुसरी खोड पेनड्राइव्हची. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. वरच्या हिशेबाने ही मर्यादा सव्वादोन तासांपाशी येते. चांगला बॉक्स तिथे नवी फाइल सुरू करतो, हलका बॉक्स मुकाट थांबतो. तीन अंकी नाटक अडीच तासांचं असतं.

मग येतो खरा कारभार, म्हणजे टायमर कशाला बांधायचा. एक पद्धत घड्याळाला बांधण्याची: रोज संध्याकाळी साडेसहा ते सात, सह्याद्री. दुसरी पद्धत कार्यक्रमाच्या नावाला बांधण्याची. चित्रासोबतच वाहिनी आपल्या कार्यक्रमांची यादीही पाठवत असते. त्या यादीत अमुक नाव दिसलं की टिपून घे, असं सॉफ्टवेअरला सांगता येतं. दुसरी पद्धत उघडच चांगली. खासगी वाहिन्यांवर रविवारी एखाद्या मालिकेचा तासाभराचा महाएपिसोड असतो. घड्याळाला बांधलेला अर्ध्या तासाचा टायमर तो बरोबर मध्यावर तोडतो, नावाला बांधलेला यादीतली नवी लांबी बघून पूर्ण घेतो. पण यादी भरणारा माणूस रोज एकाच तऱ्हेने नाव लिहील याची खात्री नसते. आज इंग्रजी अक्षरांत एक स्पेलिंग, उद्या दुसरं, परवा नावापुढे ‘विशेष’ चिकटलेलं. म्हणून पूर्ण नाव न देता त्यातला न बदलणारा तुकडा द्यायचा आणि वाहिनी ठरवून द्यायची. काही वाहिन्यांची यादी रिकामीच येते. तिथे घड्याळाशिवाय गत्यंतर नाही.

यादी असो वा नसो, आधी पाच मिनिटं आणि नंतर पंधरा मिनिटं हातचं राखून ठेवायची ही माझी पद्धत. थेट प्रक्षेपण असेल, किंवा आधी सामना असेल, तर नंतरची पंधरा ताणून साठपर्यंत न्यायची. या राखीव मिनिटांतच एक अडचण दडलेली असते, आणि ती नवख्याच्या लक्षात येत नाही. समजा दुपारी तीन ते साडेपाच एका वाहिनीवर नाटक आहे आणि साडेपाच ते सहा दुसऱ्या वाहिनीवर कीर्तन. कागदावर दोन्ही सुटसुटीत बसतात. पण नाटकाला मागे पंधरा मिनिटं आणि कीर्तनाला पुढे पाच दिली, की पाच पंचवीस ते पावणेसहा दोन्ही एकाच वेळी हवे होतात, आणि ट्यूनर एकच. अशा वेळी त्या दोन वाहिन्या उपग्रहाच्या एकाच ट्रान्सपाँडरवरून येतात का ते बघायचं. येत असतील तर काळजी नाही. एका ट्रान्सपाँडरवरून अनेक वाहिन्या एकत्रच येतात, ट्यूनर तो सगळा प्रवाह घेतो आणि सॉफ्टवेअर त्यातून दोन फाइली वेगळ्या काढतं. ट्रान्सपाँडर वेगळे असतील तर ज्याला आधीचा क्रम दिला आहे तेच टिपलं जातं आणि दुसऱ्याची सुरुवात हातची जाते. तिथे निवड करावीच लागते. मी नाटकाचा शेवट राखतो. कीर्तनाचं नमन गेलं तर वाईट वाटतं, पण पूर्वरंग पुष्कळसा हाती लागतो. पुढे दुसरा ट्यूनर घेतला तो याच भांडणापायी.

जर्मनीत या सगळ्याचं उत्तर १९८५ सालीच शोधलं गेलं होतं. तिथल्या सार्वजनिक वाहिन्यांनी व्हीपीएस नावाची पद्धत सुरू केली. चित्राच्या न दिसणाऱ्या ओळींपैकी एकीतून प्रत्येक कार्यक्रमाची खूणचिठ्ठी पाठवली जाई आणि तीत त्या कार्यक्रमाची मुळात जाहीर केलेली वेळ असे. सव्वाआठचा कार्यक्रम नऊला सुरू झाला तरी चिठ्ठी सव्वाआठचीच. व्हीसीआर सव्वाआठपासून त्या चिठ्ठीची वाट बघत बसे, ती दिसली की सुरू होई, गेली की थांबे. तिथल्या छापील वेळापत्रकांत ही वेळ दिलेली असायची आणि ती जशीच्या तशी भरावी लागे. आपल्यासारखी पाच मिनिटं आधी धरली तर ती चिठ्ठी कधीच येत नसे आणि रेकॉर्डिंगही होत नसे. राखीव मिनिटांची गरजच उरू नये, अशी ती रचना होती. अमेरिकेत १९९०मध्ये आलेल्या व्हीसीआर प्लसने वेगळी सोय केली: वर्तमानपत्रात प्रत्येक कार्यक्रमापुढे एक आकडा छापायचा, तो रिमोटवर दाबला की तारीख, चॅनल आणि वेळ आपोआप भरली जायची. लोकांना ते फार आवडलं. पण कार्यक्रम लांबला तर त्या आकड्याला त्याची दाद नव्हती.

आजच्या डिजिटल प्रक्षेपणातही कार्यक्रम आता सुरू झाला, आता संपला, हे सांगायची जागा राखून ठेवलेली आहे. ती नीट भरायची की नाही हा वाहिनीचा प्रश्न. आपल्या वाहिन्यांनी ती भरावी असं मला मनापासून वाटतं, सह्याद्रीने तर आधी. प्रादेशिक केंद्रावर होणाऱ्या मुलाखती, लोककलांचे कार्यक्रम, शेतकऱ्यांशी गप्पा, यांतलं किती पुन्हा कुठे बघायला मिळतं? ओटीटीवर सगळं असतं असं म्हणणाऱ्याने एखादी जुनी मुलाखत शोधून बघावी.

प्रक्षेपण करणारे आपलं काम जपून ठेवतीलच असं समजणं महागात पडतं. १९६७चा पहिला सुपर बोल सामना अमेरिकेतल्या दोन बड्या वाहिन्यांनी दाखवला आणि दोघींकडेही त्याची टेप उरली नाही; पुढे सापडली ती कुणा घरच्या माळ्यावर, तीही अर्धवट. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांनी १९७९पासून २०१२मध्ये मृत्यू येईपर्यंत बातम्यांच्या वाहिन्या घरात दिवसरात्र रेकॉर्ड केल्या. त्यांच्या मागे सुमारे ७१,००० कॅसेटी राहिल्या. त्या सगळं टिपत असत, म्हणून काय निवडायचं हा प्रश्नच त्यांना नव्हता. आपल्यासारख्यांना निवडावं लागतं, आणि म्हणूनच टायमर लागतो.

हे चोरीचं काम आहे का, असं कुणी कुणी विचारतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४मध्ये, पाच विरुद्ध चार अशा बहुमताने, नंतर बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं रास्त ठरवलं. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्येही खासगी वापरासाठी रास्त व्यवहाराची मुभा आहे. ते दुसऱ्यांना वाटणं किंवा विकणं ही वेगळी गोष्ट.

टायमर लावून झाला की काम संपलं असं मात्र समजू नये. रेकॉर्डिंग झाल्या दिवशीच मी फाइल उघडतो: सुरुवातीचं एक मिनिट, मधलं एक आणि शेवटची दोन. सुरुवातीला आधीच्या कार्यक्रमाचा शेवट आणि शेवटी पुढच्याची सुरुवात दिसली, तर मधलं सगळं आलं असं धरता येतं. टीव्हीहेडएंड प्रत्येक रेकॉर्डिंगपुढे डेटातल्या चुकांचा आकडा दाखवतो; पावसाळ्यात तो चढू लागला तर दोष बहुधा गच्चीवरच्या जोडणीत असतो, तिथे पाणी शिरलेलं असतं. मग वर जाऊन कनेक्टर पुसायचा, टेप नव्याने गुंडाळायची. फाइलच्या नावात तारीख, वाहिनी आणि कलावंताचं नाव त्याच दिवशी घालायचं, कारण कोण गात होतं हे सहा महिन्यांनी आठवत नाही. कार्यक्रम अर्धवट आला असेल तर त्याच आठवड्यात पुनःप्रक्षेपण आहे का ते बघायचं आणि असेल तर त्याला नवा टायमर लावायचा, या वेळी मागे अर्धा तास देऊन.