रसपुष्प आणि रसकर्पूर: नावातील धोका
रसकर्पूर या एकाच नावाने पारदाची दोन भिन्न क्लोराइडे ओळखली जातात. घोटाळ्याचे मूळ येथेच आहे. सदानंद शर्मा यांच्या ‘रसतरंगिणी’त रसपुष्प वेगळे सांगितले आहे. शुद्ध पारद, कासीस व सैंधव समभाग खलून अग्नी दिला असता वर जमणारे शुभ्र, जड पुष्प म्हणजे मर्क्युरस क्लोराइड. ते पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असते. मर्क्युरिक क्लोराइड मात्र सहज विरघळते व थोड्या मात्रेतही प्राणघातक ठरते.

परीक्षा सोपी आहे. औषधालयांनी ती टाळू नये. चूर्ण डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलवून गाळावे. गाळलेल्या पाण्यात चुन्याची निवळी घालता पिवळा साका आला, तर ते चूर्ण रुग्णास देऊ नये. रसपुष्प स्वतः निवळीने काळे पडते. प्रकाशात त्याचे हळूहळू विघटन होऊन पारद व तोच विद्राव्य विषारी क्षार निर्माण होतो, म्हणून साठवण गडद काचेच्या कुपीतच करावी.