गच्ची, पाणी आणि काचेचा फेस

घर ‘शाकारणे’ हे क्रियापद वर्गातल्या मुलांना आता समजावून सांगावे लागते. कोकणात मृगापूर्वी कौले चाळायची, फुटकी बदलायची, गवताचे छप्पर असेल तर नवे गवत घालायचे, ही झाली शाकारणी. उतरत्या छपराचा पाण्याशी करार सरळ असतो: आलास तसा जा. देशावर, विशेषतः सोलापूर-मराठवाड्याकडे, पाऊस बेताचा आणि ऊन कडक. तेथे लोकांनी सपाट छप्पर पसंत केले. त्याला कोठे धाबे म्हणतात, कोठे माळवद. आपण शहरवाल्यांनी मात्र मोठा गमतीदार संकर केला आहे. पाऊस कोकणचा आणि छप्पर मराठवाड्याचे! ठाण्या-मुंबईला वर्षाकाठी दोन मीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि आपण त्याला ऐसपैस बसायला गच्ची देतो.

आता वाचक म्हणतील, मराठीच्या मास्तराला ही उठाठेव कशाला? तर आमच्या गृहसंस्थेचा चिटणीस मी आहे, आणि आमची गच्ची गळते.

वरच्या मजल्यावर एक वृद्ध जोडपे राहते. जून ते सप्टेंबर त्यांच्या देवघरात पातेले आणि शयनगृहात बादली. संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीच्या गळतीचा खर्च संस्थेने करायचा असतो. पण तळमजल्याच्या सभासदांना हे पटवताना चिटणिसाच्या तोंडाला फेस येतो. आजवर तीन कंत्राटदार झाले. पहिल्याने इमारत बांधतानाच विटांच्या तुकड्यांचा कोबा केला होता. गळू लागल्यावर दुसऱ्याने त्यावर आणखी एक थर चढवला. तिसऱ्याने त्यावर तिसरा. जुने काही काढायचे नाही, वर नवे घालायचे, हा आपल्याकडचा सनातन उपाय.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. मराठीत जेमतेम पास झाला, पण पुढे वास्तुरचनाकार म्हणून नाव काढले. मी त्याला गच्ची दाखवायला बोलावले. तो गळती पाहील अशी माझी अपेक्षा. त्याने टेप काढून कोब्याची जाडी मोजली. दहा इंच! “सर, मूळचा साडेचार इंचांचा थर इमारतीच्या हिशेबात धरलेला असेल. वरच्या साडेपाच इंचांचं काय?” मग त्याने कागदावर गणित मांडले. कोब्याचे वजन घनमीटरला सुमारे १८०० किलो. म्हणजे दर चौरस मीटरवर जवळजवळ २५० किलो जादा ओझे. माणसांची वर्दळ असलेल्या गच्चीवर माणसे व सामान मिळून चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरावा, असे भारतीय मानक सांगते. आमची गच्ची २४०० चौरस फुटांची. एकूण जादा वजन सुमारे ५६ टन निघाले. “म्हणजे किती रे?” असे विचारल्यावर तो म्हणाला, “चार टनांचा एक हत्ती धरा. चौदा हत्ती, सर. आजी-आजोबांच्या डोक्यावर.”

मला हत्तींपेक्षा माळवदे आठवली. माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यांवर फूट-दीड फूट, कधी त्याहूनही जाड पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात आतली खोली गुहेसारखी गार. पण पावसात माती वाहते, गळती लागते, आणि मग वर नवी माती टाकतात. पिढ्यान्‌पिढ्या थर वाढतच जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची रात्र जागवून माणसे नुकती झोपली असताना किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि त्यांच्यावरचे ते सगळे ओझे खाली आले. हजारो माणसे गेली. आमची इमारत सिमेंट-लोखंडाच्या सांगाड्याची आहे, तुलना तंतोतंत नाही, हे मला कळते. पण गळतीवर थर चढवण्याची सवय मात्र तीच आहे.

बरे, एवढे ओझे वाहून मिळाले काय? कोबा हा मुळात उतार देण्यासाठी आणि थोडी उष्णता अडवण्यासाठी. तो पाणी अडवतो थोडेच, पितो अधिक. वरच्या सिमेंटला दोरीने पाडलेल्या चौकटींमध्ये केसाएवढी भेग पडली की पाणी आत शिरते, विटांच्या तुकड्यांतून आडवे फिरत राहते आणि भलतीकडेच खाली टपकते. म्हणून गळती दिसते देवघरात आणि भोक असते जिन्याजवळ. कंत्राटदार देवघराच्या वर डागडुजी करून पैसे घेऊन जातो.

पुढल्या खेपेस आमचा विद्यार्थी एक काळपट विटेसारखा तुकडा घेऊन आला. हातात घेतला तर कागदाच्या खोक्याइतका हलका. बादलीत टाकला, तर बुचासारखा तरंगला. त्याने करवतीने तो कापला (हो, साध्या करवतीने) आणि खोलीभर सडक्या अंड्यांचा वास सुटला. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून धावत आल्या. “काकू, काळजी नको, काच आहे,” असे तो म्हणाल्यावर त्यांची काळजी वाढलीच!

पण ती खरोखर काच होती. काच दळून तिची पूड करतात, त्यात थोडा कोळसा मिसळतात आणि भट्टीत साडेआठशे अंशांच्या आसपास तापवतात. काच मऊ होते, कोळशाचा वायू होतो, आणि सारा लगदा फुगून येतो. मग तो अगदी सावकाश थंड करतात. अमेरिकेत १९३७ साली निघालेल्या पिट्सबर्ग कॉर्निंग कंपनीने हा माल ‘फोमग्लास’ नावाने जगभर पोचवला. २०१७ साली ती ओवेन्स कॉर्निंगने विकत घेतली. दिवाळीचा अंक आहे म्हणून उपमा अनारशाची द्यावीशी वाटते, पण ती अर्धीच जुळते. अनारशाची जाळी आरपार असते, तूप तिच्यातून निथळते. या काचेतील प्रत्येक पोकळी चहूकडून बंद. म्हणून पाणी आत जात नाही, वाफही जात नाही. आणि कापताना अडकलेला वायू सुटतो, त्यात गंधकाचा अंश असतो, तोच तो वास.

दहा सेंटिमीटर जाडीची ही फेसाळ काच उष्णता अडवण्यात पाच-सहा फूट जाडीच्या विटांच्या बांधकामाची बरोबरी करते. ती जळत नाही, कुजत नाही, वाळवी लागत नाही. प्लॅस्टिकचे फेस उन्हात काँक्रीटच्या कितीतरी पट प्रसरण पावतात. ही काच जवळजवळ काँक्रीटइतकीच, त्यामुळे सांधे ओढले जात नाहीत. भार सोसण्याची ताकद एवढी, की उणे १६२ अंशांवर ठेवलेल्या द्रवरूप नैसर्गिक वायूच्या अवाढव्य टाक्यांच्या बुडाखालीही ती अंथरतात.

खरी खुबी आहे ती अंथरण्यात. स्लॅब साफ करून त्यावर तापलेले डांबर ओततात, त्यात काचेच्या लाद्या घट्ट बसवतात, सांधेही डांबराने भरतात आणि वर डांबरी कापडाचे दोन थर चिकटवतात. कोठेही पोकळी ठेवायची नाही. उद्या वरच्या कापडाला भोक पडले तरी पाण्याला आडवे फिरायला वाट नाही. भोकाखाली काच, काचेखाली डांबर. लाद्या कारखान्यातच उतरत्या कापून मिळतात, म्हणजे उतारासाठी वेगळा कोबा नको. ब्रिटिश मानक म्हणते, आराखडा चाळीसास एक उताराचा करा, म्हणजे कारागिराच्या हातून निदान ऐंशीस एक तरी उतरेल. मनुष्यस्वभावाची एवढी जाण मला अभियांत्रिकीत अपेक्षित नव्हती! कठड्यापाशी मात्र आपला गवंडी मारतो तो गोल ‘वाटा’ तिकडेही लागतोच.

वाफेचाही एक मुद्दा आहे. थंड देशांत ऊबदार खोलीतली वाफ वर जाऊन छपरात गोठते. आपल्याकडे पावसाळ्यात खोली वातानुकूलित केली की उलटी, बाहेरची वाफ आत येऊ पाहते. ही काच दोन्हीकडची दारे बंद करते.

दोषही सांगितले पाहिजेत. ती महाग आहे. ठिसूळ आहे, उघड्यावर टाकून तिच्यावर टाचा आपटल्या तर वरच्या पोकळ्या फुटतात, म्हणून वर फरशी हवीच. त्याच जाडीचा चांगला प्लॅस्टिकचा फेस तिच्याहून थोडी अधिक उष्णता अडवतो. आणि तापल्या डांबराचे काम येऱ्यागबाळ्याचे नव्हे. माझे मत विचाराल तर ग्रंथालय, वस्तुसंग्रहालय, रुग्णालयाचे शस्त्रक्रियागृह, जेथे एक थेंबही परवडत नाही, तेथे हा खर्च डोळे मिटून करावा. गृहसंस्थांनी डोळे उघडे ठेवून.

आमच्या सभेत चौदा हत्तींनी काम केले. तळमजल्याचे सभासदही गप्प झाले, कारण हत्ती पडले तर तळमजल्यापर्यंत येणार. ठराव झाला तो असा: संरचना-अभियंत्याचा अहवाल घेऊन तिन्ही थर स्लॅबपर्यंत उखडायचे आणि पाणी जाण्याची तोंडे मोठी करून खाली घ्यायची. नव्या थरासाठी दोन दरपत्रके मागवायची, एक काचेचे, एक प्लॅस्टिकच्या फेसाचे. अडीच टन काच, म्हणजे एक हत्तीही नव्हे, हे मी टिपणात लिहून ठेवले आहे. आजोबांनी एक अट घातली आणि ती एकमताने मंजूर झाली. काम संपल्यावर तोंडे बंद करून गच्चीत तीन दिवस पाणी भरून ठेवायचे, आणि ते तीन दिवस कंत्राटदाराने रोज सकाळी त्यांच्या देवघरात चहाला यायचे.