ताऱ्यांच्या वाटेवरची धूळ

मंडळी, आम्हा कवींच्या हिशेबात मंद तारा म्हणजे दूरचा तारा. गंमत अशी, की एकेकाळी खगोलशास्त्रज्ञांचा हिशेबही फारसा वेगळा नव्हता. पण तो बरोबर यायला मधली वाट स्वच्छ हवी.

ती स्वच्छ नाही, हे रॉबर्ट ट्रम्पलर यांनी १९३० साली कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेतून दाखवून दिलं. त्यांनी तारकागुच्छांची अंतरं दोन रीतींनी काढली. एकदा ताऱ्यांच्या तेजावरून आणि एकदा गुच्छ केवढा दिसतो त्यावरून. दूरच्या गुच्छांची तेजावरून काढलेली अंतरं जास्तच भरू लागली. ती खरी मानली, तर आपल्यापासून जितकं लांब जावं तितके गुच्छ मोठे होत जातात, असं म्हणावं लागलं असतं. हे काही पटण्याजोगं नव्हतं. मध्ये कुणीतरी प्रकाश खात होतं. शिवाय ते तारे नुसते फिके नव्हते, लालसरही झाले होते.

या लालसरपणातच धुळीच्या कणाचं माप दडलेलं आहे. विडी ओढणारा माणूस आठवा (सवय वाईट, पण निरीक्षणाला उपयोगी). पेटत्या टोकाचा धूर निळसर दिसतो आणि तोंडातून सोडलेला पांढरट. तंबाखू तीच! टोकाकडचे बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. तोंडातल्या ओलाव्याने कण फुगले, की सगळे रंग जवळपास सारखेच विखुरले जातात. निळा प्रकाश आजूबाजूला फेकला गेला, की सरळ पुढे येणाऱ्या प्रकाशात लाल जास्त उरतो. ताऱ्यांचं तेच होतं.

मग मोजायचं कसं? मी बी.ए.चा माणूस, पण ही रीत मलाही समजली. एकाच जातीचे दोन तारे घ्यायचे. जात वर्णपटातल्या काळ्या रेषांवरून कळते. त्या रेषा धुळीला पुसता येत नाहीत. एक तारा स्वच्छ दिशेतला, दुसरा धुळीआडचा. दुसऱ्याचा कोणता रंग किती घटला, ते पाहायचं. कण वाळूएवढे असते, तर सगळे रंग सारखेच अडले असते. रेणूंएवढे असते, तर तरंगलांबी निम्मी होताच अडवणूक सोळापट झाली असती. दृश्य प्रकाशात ती होते साधारण दुप्पट. म्हणजे कण या दोहोंच्या मधले, मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाच्या आसपासचे.

पुढे अतिनील किरणांतही मोजमापं झाली. १९७७ साली मॅथिस, रम्पल आणि नॉर्डसिक या तिघांनी ग्रॅफाइट आणि सिलिकेटचे लहानमोठे कण धरून हिशेब जुळवला. बारीक कण संख्येने अफाट, पण वजन जास्त ते मोठ्यांकडे. आपल्या घरगुती अनुभवाच्या अगदी जवळचं! या रीतीला एक मर्यादा आहे. फार मोठा कण सगळेच रंग अडवतो, रंगाची खूण मागे ठेवत नाही, त्यामुळे तो सहज सुटून जातो. दाट ढगांत मात्र कण एकमेकांना चिकटून वाढतात, आणि तिथे रंगारंगांतला फरक कमी झालेला स्पष्ट दिसतो.

आकाशगंगेच्या केंद्राकडून निघालेल्या दृश्य प्रकाशातला लाख कोटींत जेमतेम एक कण आपल्यापर्यंत पोचतो. पण अवरक्त किरणांची तरंगलांबी धुळीच्या कणांहून बरीच मोठी. त्यातले काही जवळ दहात एक या प्रमाणात पार होतात. त्याच किरणांतून राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांच्या गटांनी केंद्राभोवती फिरणारे तारे वर्षानुवर्षं टिपले, तिथल्या अजस्र कृष्णविवराचं वजन काढलं आणि २०२० साली दोघांना नोबेल मिळालं.